मागची बाजू

सोलापुरी चादर हातात घेतली की आपले डोळे आधी नक्षीवर जातात. ज्यांची हयात मागावर गेली ती माणसं मात्र चादर उलटून बघतात. ही चादर दोन्हीकडून वापरता येते. पुढे पांढऱ्यावर लाल फूल असेल तर मागे लालवर पांढरं. त्या फुलाच्या पाकळीचा बाक अगदी जवळून पाहा. तो बाक नसतोच, बारीक बारीक पायऱ्या असतात. चित्र आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढलेलं असतं, आणि त्यावरून जॅकार्डची कार्डं पंच होतात. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात जॅकार्डनं 1804च्या सुमारास बसवलेली ही युक्ती इथल्या पद्मशाली विणकरांनी इतकी आपलीशी केली की ती सोलापूरचीच वाटावी.

या सुट्टीत घरात चौकोनांचं तसंच काम चाललंय, फक्त धाग्याऐवजी प्लास्टिकच्या मण्यांनी. हे मणी म्हणजे नळीचे पाच मिलिमीटरचे तुकडे. खुंट्यांच्या पाटीवर एकेका खुंटीत एकेक मणी बसवायचा. मोठ्या चौकोनी पाटीवर 29 ओळी आणि ओळीत 29 खुंट्या, म्हणजे 841 मणी. चित्र पूर्ण झालं की वर बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवायची. मणी कडेला वितळून एकमेकांना धरतात. 1950च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये गुन्नार क्नुत्सोन यांनी हे मणी काढले ते मुलांसाठी नव्हेच, वृद्धांच्या हातांना काम मिळावं म्हणून. मुलांनी ते नंतर पळवले. आमच्याकडे भाचीनं पळवलेत.

मांडायला दुपार जाते आणि इस्त्रीला काही सेकंद. सगळा कस त्या सेकंदांत लागतो. इस्त्री मोठ्या माणसानंच धरायची. वाफ बंद, आच मध्यम, आणि दाबायचं नाही, नुसती गोल गोल फिरवायची. बटर पेपर उडू नये म्हणून पंखाही बंद करावा लागतो, सोलापूरच्या मे महिन्यात! हे मणी पॉलिइथिलिनचे. ते शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की मऊ पडतं. कागदातून बघत राहिलं तर आधी मण्यांच्या कडा ओलसर चमकतात, मग गोल भोकं हळूहळू आकसू लागतात. ती आकसावीत, पण मिटू नयेत. मिटली की चित्राच्या जागी एक गुळगुळीत, रंगीत ठोकळा उरतो. लवकर थांबलं तर कोपऱ्यातले मणी सुटून घरंगळतात. कोपरे नेहमीच मागे राहतात, म्हणून इस्त्रीचं टोक तिथे मुद्दाम न्यावं लागतं. मग गरम असतानाच वर जाडजूड पुस्तक ठेवायचं, नाहीतर निवताना चित्र वाकतं.

भाचीचा पहिला मोर असाच निघाला, वरून चकचकीत. शेजारचे आजोबा यंत्रमागावर केस पांढरे झालेले. त्यांनी मोर हातात घेतला, शेपटीकडे बघितलंही नाही, पालथा केला, दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवला आणि म्हणाले, "बाळा, मागून कच्चा आहे गं हा." मागच्या बाजूचे मणी खरोखरच नुसते शेजारी उभे होते, एकमेकांना धरलेले नव्हते. तिनं मोर परत घेतला आणि माझ्यापुढे इस्त्री आणून ठेवली.

मला त्या अंगठ्यांचा विचार सोडवत नाही. काम झालं असं आपण ठरवतो ते बहुधा समोरून बघून. मुलांच्या वह्यांपासून घराच्या रंगापर्यंत जे दिसणार तेवढं नीट करायची सवय आपल्याला लागली आहे, आणि त्या सवयीला आपण सफाई समजतो. विणकराला ती चैन परवडत नाही. मागून सुटलेला धागा पहिल्या धुण्यात पुढे येतो. आजोबांनी मोराची स्तुती केली असती तर भाची खूश झाली असती. त्यांनी तिला बरोबरीची कारागीर मानलं, हे मला मोठं वाटतं.

आता तिनं 'सोलापूर' लिहायला घेतलंय. शिरोरेखा सोपी, एक सरळ ओळ. दीर्घ ऊकाराचं शेपूट मात्र पायऱ्यापायऱ्यांनी वळवावं लागतं. चादरीसारखे मागे रंग बदलत नाहीत, कारण मणी आरपार एकाच रंगाचा. बदलते ती दिशा, अक्षरं मागून उलटी दिसतात. तिला खुंट्यांकडची, भोकं उघडी राहिलेली बाजू दर्शनी हवी आहे. म्हणून ती आरसा पुढ्यात ठेवून सगळं नाव उजवीकडून डावीकडे मांडतेय. पाट्या दोन जोडल्यात. लाल मणी कमी पडले तर नवी पेठ गाठावी लागेल. सांडलेला एकेक मणी डबीत परत जातोय, कारण हे प्लास्टिक केरात गेलं तर कुजत नाही. आजोबा संध्याकाळी येणार आहेत. त्याच्या आत दोन्ही बाजूंनी इस्त्री करून व्हायला हवी. एका बाजूनं भरपूर, दुसरीकडून बेतानं.