तापलेली फरशी आणि यात्रेचे पुण्य

तीर्थयात्रेत जितके कष्ट सोसावेत तितके पुण्य अधिक, ही समजूत मराठी समाजात खोल रुजलेली आहे. पायी गेलेल्याचा मान गाडीने गेलेल्यापेक्षा मोठा, अनवाणी गेलेल्याचा त्याहून मोठा आणि लोटांगण घालत गेलेल्याचा सर्वांत मोठा. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी गाडी, सावली, बसायला खुर्ची आणि दुपारची विश्रांती धरून यात्रेचा बेत आखला की ही यात्रा नव्हे, सहल झाली, असे घरातले कोणीतरी म्हणतेच. पुष्कळदा ज्यांच्यासाठी बेत आखलेला असतो त्या आजीआजोबांनाच तसे वाटते. सोयीने पुण्य खरोखर उणे होते का, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रवासाच्या आखणीचा राहत नाही. तो धर्मविचाराचा होतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. शहादा तालुक्यातले प्रकाशा हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. संगमेश्वर आणि केदारेश्वर ही तिथली प्रमुख देवळे. काशीयात्रा करून आलेल्याने प्रकाशाला येऊन पूजा केल्याशिवाय ती यात्रा पूर्ण होत नाही, अशी या भागातली श्रद्धा आहे. वस्तीही फार जुनी. १९५४-५५ मध्ये बा. के. थापर यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे पडले. काशी ज्यांना झेपत नाही त्यांना हे तीर्थ घराजवळचे आहे. नंदुरबार शहरात मुक्काम करून सकाळी निघावे, दर्शन घ्यावे आणि ऊन चढायच्या आत परतावे, इतके ते जवळ आहे. अडचण आहे ती ऋतूची. चैत्र-वैशाखात इथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि देवळापुढची काळ्या दगडाची फरशी दहा वाजताच पाय टेकू देत नाही.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. या प्रदेशाच्या स्वतःच्या पंचांगाने मोठ्या यात्रा कडक उन्हाळ्याबाहेर ठेवल्या आहेत. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा आणि तिथला घोडेबाजार मार्गशीर्षात भरतो. तोरणमाळची गोरखनाथाची यात्रा महाशिवरात्रीला असते. सातपुड्यातले आदिवासी याहामोगी देवीच्या दर्शनाला सीमेपलीकडच्या देवमोगरा इथे जातात, तेही महाशिवरात्रीच्याच सुमारास. काठीची राजवाडी होळी फाल्गुनात होते. वैशाखाचा खानदेशातला मोठा सण म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, माहेरी आलेल्या लेकीबाळींनी झोके घ्यायचे, आमरस-पुरणपोळी करायची. म्हणजे उन्हाचा हा महिना परंपरेने घरी राहण्यासाठी आणि तहानलेल्याला पाणी पाजण्यासाठी राखला आहे. वृद्धांच्या यात्रा एप्रिल-मे महिन्यांत पडतात त्या नातवंडांच्या सुटीमुळे आणि मुलांच्या रजेमुळे. ऋतूची निवड आधीच दुसऱ्यांच्या सोयीने झालेली असते. मग सोय फक्त म्हाताऱ्यांच्या वाट्याला आली की पुण्य घटते, असे म्हणणे न्यायाचे नाही.

वाहनाबद्दल धर्मग्रंथांत कडक वचने आहेत, हे मात्र मान्य केले पाहिजे. वाहनाने केलेल्या यात्रेचे अर्धे फळ जाते, पादत्राणांनी उरलेल्यातले आणखी जाते, अशा अर्थाची वचने धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी उद्धृत केली आहेत. मत्स्यपुराणातले प्रयागमाहात्म्य तर वाहनाने जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवते. पण ते वचन नीट वाचले तर त्यात अट दिसते. ऐश्वर्याच्या तोऱ्यात, लोभाने किंवा मोहाने जो वाहनात बसतो त्याच्याबद्दल ते बोलते. रोख संपत्तीच्या मिरवणुकीवर आहे. गुडघ्याची वाटी झिजलेली बाई नंदुरबारहून एसटीने प्रकाशाला जाते तेव्हा तिच्या प्रवासात ऐश्वर्य शोधून सापडणार नाही. महाभारताच्या वनपर्वातले तीर्थयात्रेचे प्रतिपादन यालाच जुळते. यज्ञ खर्चिक असतात, ते राजांना आणि धनिकांना जमतात, गरिबाला तीर्थयात्रेने तेच फळ मिळते, असे तिथे म्हटले आहे. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, हेही तिथलेच मत. यात्रेचा जन्मच असा, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी केलेल्या सोयीतून झाला आहे.

स्नानाच्या बाबतीत शास्त्र आणखी उदार आहे. नदीत बुडी मारणे हा स्नानाचा एकच प्रकार नव्हे. मंत्र म्हणून अंगावर पाणी शिंपडणे, भस्म लावणे, गाईच्या खुरांनी उडालेली धूळ अंगावर घेणे, ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणे, आणि मनाने केलेले स्नान असे प्रकार धर्मशास्त्राने सांगितले आहेत, आणि आजारी व अशक्त माणसांसाठी त्यांतले सोपे प्रकार पुरेसे मानले आहेत. जो येऊच शकत नाही त्याच्या नावाने दर्भाची प्रतिमा तीर्थात बुडवावी, त्या पुण्याचा अंश त्याला मिळतो, अशीही तरतूद आहे. घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर ऐंशी वर्षांच्या माणसाला उतरवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावे. वरच्या पायरीवर बसवून तांब्याभर तापीचे पाणी डोक्यावर घातले तर स्नान झाले. त्यात कसली पळवाट नाही.

कष्ट म्हणजे तप, हे समीकरणही तपासून पाहण्यासारखे आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तपाची व्याख्या आहे. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी यांचे पूजन, स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा, एवढेच त्यात येते. उपाशी राहणे, उन्हात उभे राहणे, पाय पोळून घेणे यांपैकी काहीही त्या यादीत नाही. उलट शरीराला शास्त्राबाहेर जाऊन छळणाऱ्यांना त्याच अध्यायाने आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. इस्लामनेही हाच विवेक नियमाच्या रूपात मांडला आहे. हज ज्याला तिथवर पोचण्याची ऐपत आणि शक्ती आहे त्याच्यावरच बंधनकारक आहे, आणि म्हातारपणामुळे जाऊ न शकणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याने हज करण्याची मुभा आहे.

उन्हाळ्यातल्या यात्रेला सर्वांत जवळची कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जमदग्नी बाण सोडत होते आणि रेणुका ते वेचून आणत होती. ज्येष्ठातले भर दुपारचे ऊन होते. तिचे डोके तापले, पाय पोळले, ती झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली आणि तिला परतायला उशीर झाला. कारण कळताच जमदग्नींचा राग तिच्यावरून सूर्याकडे वळला आणि त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य शरण आला आणि त्याने छत्री आणि पादत्राणे दिली. उन्हाळ्यात छत्री आणि जोडे दान देण्याच्या प्रथेचे मूळ ही कथा सांगते. इथे ऋषी पत्नीला ‘सोस, पुण्य मिळेल’ असे सांगत नाही. पोळलेल्या पायांबद्दल तो आकाशातल्या देवतेला जाब विचारतो. तापी नदीही पुराणांनी सूर्याची कन्या मानली आहे. स्वतःचाच ताप असह्य झाला तेव्हा तो शमवण्यासाठी सूर्याने तिला उत्पन्न केले, अशी कथा आहे. प्रकाशाच्या संगमावर वैशाखात उभ्या राहिलेल्या भाविकाच्या पायांखाली आणि समोर या दोन्ही कथा असतात.

पोळणाऱ्या फरशीचा प्रश्न वैद्यकीय बाजूने अधिक गंभीर आहे. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना जाते. अशा माणसाला चटका जाणवत नाही, फोड आलेला संध्याकाळी दिसतो, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. वयानुसार तहान मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातले पाणी आणखी कमी करतात. म्हातारा माणूस ‘तहान नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याच्या शरीराला पाणी हवेच असते. देवळाच्या पटांगणात काथ्याच्या पट्ट्या किंवा ओली गोणपाटे अंथरणे, प्रदक्षिणेच्या वाटेवर मांडव घालणे, सुती मोजे घालून आत जाऊ देणे, पायऱ्यांना कठडा लावणे या गोष्टी देवस्थानाच्या विश्वस्तांना धर्मकार्य म्हणूनच मोजता येतील. पाणपोईला जो मान आहे तोच कठड्यालाही मिळायला हवा.

कष्टांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. आषाढीच्या वारीत चालणारा शेतकरी चालण्यातूनच काहीतरी मिळवतो. घरदार मागे टाकणे, सर्वांसारखे उघड्यावर झोपणे, शरीराचा हट्ट मोडणे हे गाडीत बसून घडत नाही. हे नाकारले तर यात्रेचा अर्थच निसटतो. पण स्वीकारलेले कष्ट आणि लादलेले कष्ट यांत फरक आहे. वारकरी निघतो तेव्हा आपण काय सोसणार हे त्याला ठाऊक असते आणि त्याने ते पत्करलेले असते. कठडा नसलेली पायरी, कुलूप लावलेले स्वच्छतागृह, रांगेत बसायला नसलेला बाक यांना कोणी संकल्प करून स्वीकारलेले नसते. तो निव्वळ निष्काळजीपणा आहे. त्याला तपाचे नाव देणे हा तपाचाच अपमान ठरेल.

म्हणून नंदुरबारमधला दोन रात्रींचा बेत असा आखता येतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या या शहरात संध्याकाळी पोचावे, त्या दिवशी काहीच करू नये. दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रकाशाला निघून नऊच्या आत दर्शन आटोपावे. बारा ते चार खोलीतच राहावे, जेवण मुगाच्या खिचडीसारखे हलके ठेवावे. उन्हे उतरल्यावर शहरालगतच्या दंडपाणेश्वर गणपतीला जावे किंवा माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापाशी थोडे थांबावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर इथे गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता तेव्हा सोळाव्या वर्षात होता, आणि त्याच्यासह पाच जण गेले. ज्यांना म्हातारपण मिळालेच नाही अशांच्या स्मारकापुढे म्हातारी माणसे उभी राहतात, तेही तीर्थदर्शनच आहे. तिसऱ्या दिवशी प्रकृती साथ देत असेल तर तोरणमाळ. सातपुड्यातल्या या पठाराची उंची साडेतीन हजार फुटांहून अधिक असल्याने हवा खालच्यापेक्षा गार असते आणि यशवंत तलावाच्या काठी सपाटीवर फिरता येते. घाट वळणांचा आहे. ज्यांना चक्कर येते त्यांनी तो सोडला तरी यात्रेत काही उणे राहत नाही.

तोरणमाळशी गोरखनाथांचे नाव जोडलेले आहे आणि नाथपंथाचा देहाविषयीचा विचार इथे उपयोगी पडतो. या पंथाने देहाला शत्रू मानले नाही. जे ब्रह्मांडात आहे ते पिंडात आहे, म्हणून देह हेच साधनेचे क्षेत्र आणि त्याची निगा राखणे हा साधनेचाच भाग. निवृत्तिनाथांकडून हीच परंपरा ज्ञानेश्वरांपर्यंत आली. स्कंदपुराणाच्या काशीखंडात सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया यांना मानसतीर्थे म्हटले आहे आणि त्यांच्यावाचून पाण्याचे तीर्थ अपुरे मानले आहे. दयेला तीर्थ मानल्यावर ती म्हाताऱ्या शरीराला लागू होत नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही.

सोयीची दुसरी बाजूही आहे. मुले काळजीपोटी आईवडिलांना सामानासारखे इकडून तिकडे उचलून ठेवतात, किती पायऱ्या चढायच्या हेही तीच ठरवतात. आजोबांना दहा पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्या असतील तर त्या चढू द्याव्यात, मागे हात धरायला माणूस असावा आणि मधल्या पायरीवर टेकायला जागा असावी. संकल्प यात्रेकरूचा असतो आणि किती कष्ट घ्यायचे हा निर्णयही त्याचाच.

राज्यशासनाच्या योजनांनी हा विचार काही प्रमाणात व्यवहारात आणला आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत ६० वर्षांवरील, वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीसाठी ३० हजार रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सोबत मदतनीस नेता येतो. दुसऱ्याच्या यात्रेला साहाय्य करणाऱ्याला तिच्या फळातला वाटा मिळतो, हे धर्मशास्त्राने पूर्वीच मान्य केलेले आहे. त्या हिशेबाने प्रकाशाच्या घाटावर आजीचा हात धरून उभी असलेली नातही त्या दिवशी यात्रेकरूच असते, मग तिने स्वतः तापीत पाय बुडवलेला असो वा नसो.