भिशी आणि एतबार

आमच्या सोलापुरात मोहल्ल्यामोहल्ल्यांतून बायकांची भिशी चालते. समजा बारा जणी, महिना हजार रुपये, दर महिन्याला एक चिठ्ठी. जिची चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. (बोली लावून उचलायची भिशी वेगळी, तिच्यात व्याज मागच्या दाराने येते, ती इथे सोडून देऊ.) पहिल्याच महिन्यात जिचा नंबर लागला तिच्या हाती इतरांचे अकरा हजार असतात. कागद नाही, जामीन नाही. तिने हप्ता थांबवला तर कोण काय करणार? तरी ती थांबवत नाही. का?

अमेरिकेतल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास असाच प्रश्न संगणकापुढे मांडला. दोघांचा व्यवहार एकदाच असेल तर फसवण्यात फायदा. पण पुन्हा पुन्हा करायचा असेल तर? जाणकारांनी पाठवलेल्या डावांची त्यांनी स्पर्धा लावली. दोन्ही वेळा ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा अगदी साधा डाव जिंकला: सुरुवात भलेपणाने करा, पुढे समोरचा वागेल तसे वागा. उद्या पुन्हा गाठ पडणार असेल तर आजची लबाडी महाग पडते.

या ‘जशास तसे’मध्ये एक खोट आहे. गैरसमजाने एकदा बिनसले की दोघेही सूड घेत बसतात. अधूनमधून माफ करणारा डाव अशा वेळी अधिक तग धरतो, हे नोवाक आणि सिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवले. भिशीतल्या बायकांना हे कुणी शिकवावे लागले नाही. घरच्याचा यंत्रमाग बंद म्हणून एखादीचा हप्ता चुकला तर तिला सांभाळून घेतात. वारंवार चुकला की पुढच्या भिशीत तिचे नाव नसते.

शेवटचा डाव ठाऊक असेल तर त्या डावात फसवायला भीती कशाची? मग त्याआधीच्या डावातही ती उरत नाही, आणि सगळी वीण उलट्या बाजूने उसवते, असे शास्त्र सांगते. बारा महिन्यांची भिशी उसवत नाही, कारण ती संपली तरी नळावर, लग्नात, मय्यतीत त्याच बायका भेटणार असतात.

मग हे ईमान की नुसता हिशेब? लोकलाजेने पाळलेली अमानत कसली अमानत, असे काही जण म्हणतील. आम्ही तिला इतके हलके लेखत नाही. रोज पाळलेला शब्द अंगवळणी पडतो आणि हिशेब करायची आठवणही राहत नाही. हिशेबाची हद्द मात्र दिसते. जो पुन्हा भेटणारच नाही त्याचे काय? जकातीच्या हकदारांत मुसाफिरही आहे, आणि मुसाफिर परतफेड करायला येत नाही.

आम्हाला काळजी वाटते ती एकाच शहरात राहून एकमेकांना मुसाफिर झालेल्यांची. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे कामगार वर्षानुवर्षे राबले. त्यांच्यात प्रेमच होते असे नाही. पण आज भांडले तरी उद्या भोंग्याला पुन्हा समोरासमोर उभे राहायचे होते. गिरण्या बंद पडल्या, वस्त्या दुरावल्या. नाव ऐकून घर नाकारणाऱ्याला त्या माणसाची पुन्हा गाठ पडेल ही धास्तीच नसते. सलोख्याच्या सभा आम्ही पुष्कळ पाहिल्या; वर्षातून एकदा हार घातल्याने ही जागा भरत नाही.

विड्या वळणाऱ्या पद्मशाली आणि मुसलमान बायका मात्र पान-तंबाखू आणायला अजून एकाच रांगेत उभ्या राहतात. हजार विड्यांना पाने कमी पडली तर एक जण आपल्यातली काढून देते, आणि पुढच्या खेपेला मागूनही घेते.