मोठे होण्याची नाखुशी

मिसरूड फुटू लागलेला मुलगा मोठे होण्यास कुरकुर करू लागला, म्हणजे आम्ही वडीलधारी मंडळी त्यास बेजबाबदार ठरवून मोकळे होतो. उपदेशास जोड म्हणून एखादे थोर उदाहरणही हाताशी असते. खानदेशात ते नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहता याचे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी त्या गावी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार व त्याचे चार सोबती बळी पडले. त्यास तेव्हा सोळावे वर्ष चालू होते.

खानदेशचाच दुसरा मुलगा कादंबरीतला आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर हा वडिलांच्या पैशावर पुण्यास शिकावयास जातो, तेथे पैसा व वर्षे दोन्ही घालवितो, आणि पदवी न घेताच गावी परततो. वयाने तो तरुण. परंतु पदवी, नोकरी, लग्न, संसार ही आखलेली वाट आपली म्हणावी असे त्यास काही केल्या वाटत नाही.

पहिल्यास वंदन करून दुसऱ्यास दूषण द्यावे, हे सोपे आहे. आमच्या मते ते न्याय्य नाही. शिरीषकुमारास मोठे हो असे कोणास सांगावे लागले नाही, कारण मोठ्यांच्या जगात त्या वेळी शिरण्याजोगे काही होते. पांडुरंगापुढे वीसच वर्षांनी काय उरले? मोठेपणाच्या नावाखाली आपण त्याच्यापुढे केवळ पोटापाण्याचा हिशेब ठेवला असेल, तर त्याची नाखुशी हा त्याचा आळस नव्हे; तो आपल्यावरील अभिप्राय आहे.

तथापि ‘कोसला’ त्या नाखुशीचे लाडही करीत नाही. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते. ज्या बालपणाच्या आडोशास राहावे असे त्यास वाटत असेल, तेथेही मृत्यू येऊन गेलेला असतो. मोठे व्हावयाचे नाही असे म्हणणाऱ्यास परत जाण्यास घर राहत नाही, हे सत्य लेखक लपवीत नाही.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. शिरीषकुमार मोठा झालाच नाही. आपण त्यास होऊ दिले नाही. मोठ्यांनी करावयाचे काम मुलांच्या छातीवर यावे, यात जितका त्यांचा गौरव तितकीच आपली लाज. शिवाय तो आज आपणांस प्रश्न विचारावयास येत नाही, म्हणूनही तो आपणांस इतका आवडत असावा. पांडुरंग घरातच असतो, उलट बोलतो, आणि म्हणून खुपतो.

तेव्हा मुलगा मोठा होत नाही अशी तक्रार ओठांवर आली, की तिच्या आधी एक प्रश्न आम्ही स्वतःस विचारावा : आमच्यासारखे व्हावे असे त्यास वाटण्याजोगे आमच्यापाशी काय आहे? उत्तर सापडेपर्यंत उपदेश थांबला, तरी मुलाचे काही बिघडणार नाही.