छऱ्याची बंदूक आणि पहिले शील



आपल्यापैकी काही घरांत आता छऱ्याची बंदूक आली आहे. मुलगा नोकरीला लागतो आणि हौसेने ती विकत आणतो. आई विचारते, "हे कशाला रे?" तो म्हणतो, "कोठीत उंदीर झालेत ना!" संध्याकाळी हेच घर हात जोडून पंचशील म्हणते आणि पहिलेच शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे असते. मग ही बंदूक बौद्धाच्या घरी असावी काय?

"प्राणी मारायचा नाही, संपले!" असे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. मला ते पुरेसे वाटत नाही. वर्षभर राबून दोन पोती ज्वारी घरात आणणाऱ्या कुटुंबाला हा उपदेश करणारा माणूस बहुधा स्वतः दुकानातून दळण आणत असतो. उंदीर नुसते दाणे खात नाही, रोगही आणतो. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरवला आणि त्याच साथीतल्या रोग्यांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीबाई फुले गेल्या. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तीही उंदीर-घुशींच्या मुतामुळेच. तेव्हा घरातला उंदीर काढणे हे कर्तव्यच आहे, त्यात लाज कसली?

परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसेला त्यांनी तत्त्व मानले, नियम नव्हे. नियम नुसता पाळला की काम भागते; तत्त्व मात्र प्रत्येक वेळी आपल्याला विचार करायला लावते. पण बंधूंनो, हा भेद म्हणजे पळवाट नव्हे. 'गरज' हा शब्द उच्चारला म्हणून गरज सिद्ध होत नाही.

मग गरज ओळखायची कशी? मी एक साधी कसोटी सुचवतो. उद्या सकाळी घरातले सगळे उंदीर आपणहून निघून गेले, तर तुम्हाला बरे वाटेल की चुकल्या-चुकल्यासारखे होईल? ज्याला बरे वाटेल, त्याला गरज होती. ज्याचा हात रिकामा-रिकामा होईल, त्याच्या मनात इच्छा घर करून बसली आहे.

या बंदुकीची घडणच पाहा. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते. शिशाचा इवलासा छर्रा नळीत ठेवायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा जातो. दारू नाही, धूर नाही. दिवसभर खेळता येते. पिंजऱ्याचे तसे नाही. उंदीर संपले की पिंजरा माळ्यावर जातो. चिमण्यांची वाट पाहत कोणी तो घेऊन चिंचेखाली बसत नाही. बंदूक मात्र उंदीर संपल्यावरही कोपऱ्यातून खुणावत राहते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितले, आधी उंदीर मारला, मग होला, मग खार. खारीने काय नुकसान केले होते, असे मी विचारले. "काही नाही गुरुजी, नेम बघत होतो."

कोणी म्हणेल, विषाने तडफडून मरण्यापेक्षा छर्रा बरा. नेम अचूक बसला तर हे खरे आहे, मी नाकारत नाही. पण छऱ्याचा जोर बेताचाच. तो भलतीकडे लागला तर जनावर जखमी होऊन बिळात जाते आणि सावकाश मरते. शिवाय बंदुकीने उंदीर हटतही नाहीत. उंदराच्या मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. चार मारले तर आठ येतात. बिळे बुजवा, धान्य कणगीतून पत्र्याच्या कोठीत घाला, उष्टे-खरकटे रात्री उघडे ठेवू नका, मग पिंजरा लावा. आणि गव्हाणी घुबडाला जगू द्या! त्याचे मुख्य अन्न उंदीरच. पण 'अपशकुनी' म्हणून पहिला छर्रा त्यालाच बसतो. जुन्या देवांचे टाक विसर्जित केले आणि शकुन-अपशकुन मात्र घरात ठेवले, असे हे झाले.

कायद्याचीही गल्लत होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. म्हणजे शिकारीला मोकळीक मिळाली असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळे, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे 'उपद्रवी' म्हणून वेगळ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. घुबड, पोपट मारणे तर गुन्हाच आहे.

बंदुकीमागे आणखी एक गोष्ट आहे, ती बोलली पाहिजे. गावच्या वाड्यातल्या भिंतीवर बंदूक टांगलेली असे आणि आमचे आजोबा रानात हाका घालायला जात. ती बंदूक आज आपल्या भिंतीवर यावी असे तरुणाला वाटते. मला त्याचा राग येत नाही. पण वाड्यावरचे सगळेच आपल्या घरात आणायचे आहे काय?

बंदूक घेतलीच असेल तर ती कागदी निशाणावर चालवा. दहा मीटरवरून हवेच्या रायफलीने निशाणावर नेम धरणे हा ऑलिंपिकमधला खेळ आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी त्यातच सुवर्णपदक मिळवले. निशाणामागे मातीचा ढीग किंवा जाड गोणपाट असू द्या, कारण दगडी भिंतीवरून छर्रा उलटतो आणि डोळा जातो. छर्रे शिशाचे असतात, ते लहान मुलांच्या हाती देऊ नका.