सोनोग्राफीचा पडदा आणि समाजाची नजर

ग्लासगो हे जहाजबांधणीचे शहर. पोलादाच्या जाड पत्र्यात कुठे चीर किंवा पोकळी राहिली आहे का, हे तपासण्यासाठी उद्योगांमध्ये ध्वनिलहरींचा वापर होत असे. पोलादातला दोष ज्या लहरींना सापडतो, त्यांना पोटातली गाठही सापडेल, असे इयन डोनाल्ड या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मनात आले. टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांच्यासह त्यांनी केलेले काम १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. असाध्य कर्करोग म्हणून जिच्या आयुष्याची आशा सोडली होती, त्या स्त्रीच्या पोटात शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी गाठ आहे, हे या तंत्राने दाखवले आणि ती वाचली. सोनोग्राफीचा जन्म असा जीव वाचवताना झाला.

डोनाल्ड श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला तेव्हा त्यांनी त्याला जाहीर विरोध केला. पडद्यावर हालचाल करणारा गर्भ त्यांच्या दृष्टीने जीवाचा पुरावा होता आणि तो दाखवून ते स्त्रियांना गर्भपातापासून परावृत्त करू पाहत. पुढे वीस-पंचवीस वर्षांत हेच चित्र भारतातल्या दवाखान्यांत पोहोचले आणि मुलीचा गर्भ शोधून काढण्याच्या कामी आले. यंत्र एकच, लहरी त्याच. ग्लासगोतल्या डॉक्टरने त्या चित्रात देवाची निर्मिती पाहिली. इथल्या कुटुंबांनी त्यात हुंडा, वारस आणि म्हातारपण पाहिले.

तंत्रज्ञान निष्पाप असते, दोष वापरणाऱ्याचा, असे यावर नेहमी म्हटले जाते. हे म्हणणे अपुरे आहे. मुलगाच हवा, ही इच्छा महाराष्ट्रात सोनोग्राफीच्या कितीतरी आधीपासून होती. पण तेव्हा ती पुरी करण्यासाठी नवससायास, पुन्हा पुन्हा बाळंतपणे, नाहीतर जन्मलेल्या मुलीची उघड हेळसांड एवढेच मार्ग होते. त्यातली क्रूरता घराला दिसत असे, गावालाही दिसत असे. यंत्राने ती क्रूरता नजरेआड केली. एका दवाखान्यात तपासणी, दुसऱ्या गावी गर्भपात, मध्ये एजंट. सासू फक्त ‘दाखवून आणा’ म्हणते, नवरा गाडी ठरवतो, डॉक्टर एक खूण करतो. कृत्याचे इतके तुकडे पडतात, की प्रत्येकाच्या वाट्याला येतो तो तुकडा निरुपद्रवी वाटतो. आपण कुणाला मारले, असे त्या साखळीतल्या कुणालाच वाटत नाही.

भारतात हे सोनोग्राफीपासूनही सुरू झाले नाही. सत्तरच्या दशकात जनुकीय दोष शोधण्यासाठी गर्भजल चाचणी आली. तिचा वापर लिंग ओळखण्यासाठी होतो हे लक्षात आल्यावर सरकारी रुग्णालयांत तशा वापराला मनाई झाली, पण खासगी दवाखाने मोकळेच राहिले. आज थोडे पैसे घाला, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात उघड झळकत होत्या. मुंबईत स्त्री-चळवळीतले आणि आरोग्य-चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले, मोर्चे निघाले, डॉक्टरांच्या पाहण्या झाल्या. त्या रेट्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून.

कायदा पहिला, म्हणून मुली वाचल्या का? शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. जिल्हावार आकडे अधिक बोलके आहेत. सहकार, ऊस आणि शिक्षणसंस्था यांनी संपन्न झालेल्या कोल्हापुरात २००१ मध्ये ही संख्या ८३९ होती. त्याच वेळी आदिवासीबहुल गडचिरोलीत ती साडेनऊशेच्या वर होती. २०११ मध्ये बीड ८०७ पर्यंत घसरले.

या आकड्यांनी एक मोठी समजूत मोडीत काढली. शिक्षण वाढले, विज्ञान घरोघरी पोहोचले, की जुनाट कल्पना आपोआप गळून पडतील, असे सुधारणावादी महाराष्ट्राने मनोमन धरले होते. प्रत्यक्षात पैसा, रस्ते आणि दवाखाने जिथे आधी पोहोचले तिथे जुन्या इच्छेला नवे हात मिळाले. विज्ञानाची साधने वापरणे आणि वैज्ञानिक दृष्टी बाळगणे या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर राहू शकतात, याचा इतका ठळक पुरावा दुसरा नसेल.

म्हणूनच केवळ प्रबोधनावर विसंबून चालत नाही. नीतीला कागदावर, नोंदीत, यंत्राच्या व्यवहारात जागा द्यावी लागते. ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून आदेश दिले, तेव्हा कुठे कायद्याच्या अंमलबजावणीला धार आली. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही २००३ पासून कायद्याच्या कक्षेत आली. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी गरोदर स्त्रियांच्या मदतीने सापळे रचून डॉक्टरांना न्यायालयात उभे केले. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावला. म्हणजे यंत्रावर नजर ठेवायला दुसरे यंत्र आले. जिल्ह्याचे प्रमाण २०११ मध्ये ८६३ वर आले. वाढ लहान, पण घसरण थांबली.

प्रत्येक तपासणीमागे भरायच्या ‘एफ’ फॉर्मवर डॉक्टरांचा मोठा राग आहे. कारकुनी चुकीसाठी तुरुंग का, हा त्यांचा प्रश्न. प्रामाणिक डॉक्टरांना जाच होतो, हेही खरे. परंतु बंद खोलीतल्या या गुन्ह्यात तक्रार करणारे कुणीच नसते. दोन्ही बाजूंची संमती असते. मागे उरते ती फक्त नोंद. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदी न ठेवणे ही किरकोळ चूक मानायला नकार दिला, तो याच कारणाने योग्य ठरतो. परळीत २०१२ साली आणि सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये २०१७ साली बेकायदा गर्भपातात स्त्रियांचे जीव गेले. म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूणांचे अवशेष सापडले. नोंदीची कटकट आणि हा परिणाम एका तराजूत घालता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेत गर्भपात हाच गुन्हा, असा समज पसरला. ‘भ्रूणहत्या’ लिहिलेले फलक लागले, औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला कचरू लागले. वास्तविक १९७१ च्या कायद्याने स्त्रीला सुरक्षित गर्भपाताची वाट दिली आहे आणि चळवळीतल्या स्त्रियांनी सुरुवातीपासून बंदी मागितली ती निदानावर, गर्भपातावर नव्हे. ही रेघ पुसली, तर मुलींना वाचवण्याच्या नावाखाली बायकांनाच वेठीला धरले जाते.

दक्षिण कोरियाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे १९९० च्या सुमारास दर शंभर मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. लिंगनिदानावर बंदी त्याआधीच होती. तरीही २००७ च्या सुमारास प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले, त्याचे श्रेय एकट्या बंदीला देता येत नाही. स्त्रिया नोकरीत आल्या, शहरात आईबापांचे म्हातारपण एकट्या मुलावर अवलंबून राहिले नाही, पुरुषाला कुटुंबप्रमुख ठरवणारी व्यवस्था न्यायालयाने २००५ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने गर्भाचे लिंग सांगण्यावरची उरलेली बंदीही काढून टाकली, कारण समाजाची नजर बदलली होती.

महाराष्ट्राला ते धाडस आज परवडणारे नाही, कारण यंत्र आता आणखी निसटते होत चालले आहे. हातात मावणारी सोनोग्राफी यंत्रे आली आहेत. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए असतो, हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले; त्यावर आधारलेल्या चाचण्या दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्ताच्या नमुन्यातून गुणसूत्रे वाचतात. त्यातून लिंगही कळते. खोलीला सील ठोकता येते, पण कुरिअरने जाणाऱ्या रक्ताच्या नळीला कसे ठोकणार? यंत्रावरची पकड सैल होत जाणार, हे धरून आता इच्छेच्या मुळाशी जावे लागेल, आणि ते मूळ बरेचसे जमिनीत आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच, केंद्राच्या अकरा वर्षे आधी केली. तरी आजही भावाशी नाते टिकावे म्हणून बहिणी दुय्यम निबंधकापुढे हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि सरकार नाममात्र मुद्रांक शुल्कात ते नोंदवून घेते. गर्भाच्या तपासणीसाठी जितकी काटेकोर नोंद मागितली जाते, तितकीच या सहीसाठीही मागायला हवी: वाटा किती, त्याची किंमत किती, तो सोडताना बहिणीला काय मिळाले, आणि नातेवाईक बाहेर असताना तिने स्वतः काय सांगितले.