एका माशाची साक्ष

गोल्डफिशच्या अंगावर पांढरा उंचवटा दिसला की घरात लगेच निदान ठरतं: बुरशी. दुकानदार मोबाइलवरचा फोटो बघून मान डोलावतो आणि मेथिलीन ब्लूची बाटली पुढे सरकवतो. इथे सगळी भिस्त दिसण्यावर असते, आणि माशाच्या बाबतीत दिसणंच सर्वांत फसवं. विणीच्या हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे दाणे येतात; ती वयात आल्याची खूण. ‘इक’ या परजीवीचे ठिपकेही मीठ भुरभुरल्यासारखे, जवळपास तसेच. कापसासारखा पुंजका खरी बुरशी असेल किंवा कॉलम्नॅरिसचे जिवाणू. वितळलेल्या मेणाच्या थेंबासारखे डाग एका विषाणूचे, थंडीत वाढणारे आणि पाणी तापलं की ओसरणारे. ओरांडा जातीच्या गोल्डफिशच्या डोक्यावरचा मांसल टोप तर माणसानेच हौसेने निपजवलेला! तेव्हा गाठ कशी दिसते यापेक्षा ती कुठे आली, किती दिवसांत किती वाढली आणि टाकीतल्या किती माशांना झाली, या तीन गोष्टींवरून नाव ठरवावं. नराचे दाणे आपली जागा सोडत नाहीत. इकचे ठिपके दोन-चार दिवसांत अंगभर होतात, शेजाऱ्यांवरही उमटतात. अर्बुद (ट्यूमर) महिनोन्‌महिने एकाच माशावर फुगत राहतं.

असं बघत बसलं तर मासा मरेल, हा आक्षेप इकच्या बाबतीत खरा आहे. उबदार पाण्यात त्याचं जीवनचक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, आणि औषध लागू पडतं ते फक्त पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखाली दडलेल्यांना नाही. पण थांबायचं ते फक्त औषध देण्याबाबत. मासा वेगळ्या भांड्यात काढणं, थोडं पाणी बदलणं, अमोनिया तपासणं हे कुठल्याही निदानात योग्यच ठरतं. उलट मेथिलीन ब्लू मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, मासा त्याने दगावतो आणि दोष मात्र ‘उशिरा लक्षात आलं’ यावर जातो. एवढ्याशा माशासाठी तपासणी कोण करणार, असंही म्हणतात. पण अंगावरचा थोडा चिकट स्राव काचपट्टीवर घेतला की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही इकचा घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतं. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरकरांना तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. अर्बुदाचं नाव मात्र तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. तिथे अंदाज म्हणून अंदाजच सांगावा.

पीथमपूरमध्ये या गाठीला आणखी एक नाव सहज मिळू शकतं: पाणी. जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा 337 टन विषारी कचरा इथे आणला गेला, लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढे तो इथेच जाळला गेला. ज्या गावाला हे आपल्या उशाशी सोसावं लागलं, त्याचा संशय वेडगळ म्हणता येणार नाही. तरीही टाकीतल्या एका माशाची एक गाठ त्या संशयाला आधार देत नाही. विषारी पाणी एकाच माशाला निवडत नाही. सगळ्यांचे कल्ले धापा टाकू लागतात. पाण्याने गाठी होतच नाहीत, असाही याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत ओहायोमधल्या ब्लॅक नदीत कोक-भट्टीच्या गाळातल्या रसायनांमुळे बुलहेड जातीच्या माशांना यकृताचे कर्करोग होत होते. 1983 मध्ये भट्टी बंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचं प्रमाण घसरलं. मग गाळ उपसला गेला तेव्हा ते पुन्हा चढलं. हे कळलं ते वर्षानुवर्षं मासे पकडून, वयानुसार वेगळे करून, मोजून. एका नमुन्यावर तिथेही काही सिद्ध झालं नसतं. घरातल्या माशाला ठिकाण, वेळ आणि संख्या विचारायची, तीच पद्धत नदीलाही लागू पडली. पीथमपूरच्या आसपासच्या तलावांत ती लावायची तर आज निरोगी दिसणारे मासेही मोजून ठेवावे लागतील, कारण उद्या तुलनेला तेच आकडे लागतील.