कुंडीची वहिवाट

पुण्यात कोथरूडच्या कुठल्याही आतल्या गल्लीत सकाळी उभं राहावं. मोटार बाहेर पडली की तिच्या जागी काहीतरी येऊन बसतं: दगड, सिमेंट भरलेला रंगाचा डबा, फाटकं टायर. शेजारच्या गेटवर हवा सोडण्याची धमकी देणारी पाटी असतेच. अशा गल्लीतले दोन शेजारी कल्पावेत. एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे काका. दुसरी समोरच्या इमारतीतली, त्यांच्या मुलीच्या वयाची वकीलबाई. काकांनी जागा धरायला कुंडी ठेवली आहे आणि तिच्यात तुळस लावली आहे. तुळशीला लाथ मारायला कोण धजावणार?

"काका, कुंडी तुमची. खालचा रस्ता महापालिकेचा."

"अगं, चौदा वर्षं गाडी तिथेच लागते. वहिवाट म्हणून काही असतं की नाही?"

शेताच्या बांधापासून पालखीच्या मानापर्यंत हा शब्द चालतो, मग गल्लीत का नाही? पण बाई वकील. 1882च्या कायद्यातली मुदत तिला पाठ होती. खासगी जमिनीतून वाट, पाणी, उजेड मिळवायचा तर 20 वर्षांचा निर्वेध वापर लागतो, सरकारी जमीन असेल तर 30. "आणि तो हक्क वाटेचा आहे काका, वाट अडवण्याचा नाही."

"रोड टॅक्स भरतो मी."

"तो गाडीवरचा कर. जागेचं भाडं नव्हे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला हातगाडी लावायची तर 2014च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, शुल्क भरावं लागतं. तुमची मोटार बावीस तास फुकट उभी. अडीच बाय पाच मीटर म्हणजे जवळपास 135 चौरस फूट. कोथरूडमध्ये एवढी खोली फुकट देईल कोणी?"

काकांकडे याला उत्तर नव्हतं. खरं तर शहराकडेही नाही. महापालिकेने 2018मध्ये सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं आणि विरोध होताच ते रेंगाळलं. 2025मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जागेचं प्रमाणपत्र असेल तरच मोटारीची नोंदणी, असं जाहीर केलं. जपानने असा कायदा 1962मध्येच केला. तिथल्या शहरांत घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवल्याशिवाय मोटार सहसा नावावर होत नाही.

काका कुंडीकडे बघत म्हणाले, "तुझ्या काकूचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. परत येते तेव्हा तिला दहा पावलंही चालवत नाहीत. आता सांग, कुंडी कुठे ठेवू?"

इथे कायद्याची पुस्तकं मिटतात. काका वहिवाटीवर भांडत होते तोवर त्यांना हरवणं सोपं होतं. गरज पुढे आली आणि तराजू हलला. वकीलबाई बराच वेळ गप्प राहिली.

"त्या तीन दिवसांसाठी सगळे जागा सोडतील. मी बोलते सगळ्यांशी. पण उरलेले चार दिवस?"

"उरलेले चार दिवस जागा राखली नाही, तर त्या तीन दिवशी मिळते का बघ! आणि गरज कोणाची मोठी हे कोण ठरवणार? पलीकडे तान्हं मूल आहे, वर रात्रपाळीचा मुलगा."

"मुळात दोष बिल्डरांचा," ती म्हणाली. "तळमजल्यावरची पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्येच सांगितलं. तरी किती इमारतींत तिथे भिंती घालून दुकानं थाटली आहेत! त्या गाड्या मग रस्त्यावर येतात."

काकांनी तिच्या इमारतीच्या तळमजल्याकडे पाहिलं. दोन खांबांच्या मध्ये भिंत, काचेचं दार, दारावर तिच्याच नावाची पाटी. बाहेर अशिलांच्या तीन स्कूटर.

"ते सासऱ्यांनी बांधून घेतलंय," ती घाईघाईने म्हणाली. "तेवीस वर्षं होतील आता."

"मग वीसच्या वर गेली की," काका म्हणाले.